वृद्धाश्रमातली खोली: आवरायची कशी, आणि हात कुठे लावायचा नाही

मी ठाण्यात, घोडबंदर रोडला लागून असलेल्या एका वृद्धाश्रमात खोल्यांची देखभाल बघते. नवीन मावशी किंवा दादा कामाला लागले की पहिल्या आठवड्यात त्याच त्या चुका होतात. त्या आळसाने होत नाहीत. उलट जो जास्त मन लावून काम करतो, त्याच्याकडूनच जास्त होतात. तो खोली हॉस्पिटलच्या वॉर्डासारखी लख्ख करतो, नाहीतर हॉटेलातल्या खोलीसारखी टापटीप लावतो. दोन्हीकडे आजींना स्वतःचा चष्मा सापडत नाही.

माझ्या हातूनही हे झालंय. पहिल्याच वर्षी. एक निवृत्त शिक्षिका होत्या, सगळे त्यांना 'बाई' म्हणायचे. त्या व्यायामाला खाली गेल्या असताना मी खोली आवरली आणि पलंगाच्या उजव्या कठड्याला अडकवलेली काठी 'मध्ये येते' म्हणून दाराआडच्या खुंटीला लावली. रात्री बाई उठल्या, सवयीने उजवा हात कठड्याकडे नेला. काठी नव्हती. मनगट मोडलं. तेव्हापासून मी स्वच्छ खोली एकाच कसोटीवर बघते: धूळ तर नसावीच, पण अंधारात हात टाकला तर वस्तू जिथल्या तिथे लागली पाहिजे.

खालचे टप्पे त्याच हिशोबाने लावलेत. क्रम मोडू नका, कारण पुढचा टप्पा मागच्यावर उभा आहे. घरी वयस्कर माणूस असेल त्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

टप्पा १: माणूस येण्याआधी रिकामी खोली तपासा

एकदा सामान आलं की पलंग हलवायला चार जण लागतात आणि मग कुणीच हलवत नाही. म्हणून हे आधी.

पलंगावर बसून बघा. तळपाय पूर्ण जमिनीला टेकावेत, गुडघे काटकोनात यावेत. पण मापाला तुमची उंची धरू नका, येणाऱ्या माणसाची उंची विचारून घ्या. पाच फुटांच्या आतल्या आजींना साध्या पलंगावर जाड गादी टाकून दिली की त्या काठावर टेकून बसतात आणि तिथूनच घसरतात. गादी पातळ करणं किंवा सुताराकडून पाय कापून घेणं हे एका दिवसाचं काम आहे. गुडघे दुखणाऱ्या उंच आजोबांचा प्रश्न उलटा: त्यांना बुटक्या पलंगावरून उठवत नाही. त्यासाठी पायांखाली खाच पाडलेले लाकडी ठोकळे लावा. नुसत्या विटा सरकतात.

मग उजेड. साठीच्या डोळ्याला विशीतल्या डोळ्यापेक्षा साधारण तिप्पट उजेड लागतो, कारण आतलं भिंग पिवळसर होतं आणि बाहुली पूर्वीइतकी उघडत नाही. छतालगतची एक ट्यूबलाइट पुरत नाही. उशाशी झोपल्याजागी हात पोचेल असा स्विच आणि दिवा हवा, कपाटाच्या आत उजेड पडेल असा एक दिवा हवा, आणि पलंगापासून बाथरूमपर्यंत जमिनीलगत मंद, पिवळसर प्रकाश हवा. निळसर पांढरा दिवा रात्रभर ठेवला तर झोप मोडते.

आता रात्रीची चाचणी. ही मी प्रत्येक नवीन माणसाकडून करून घेते. सगळे दिवे घालवा, पलंगावर आडवे व्हा, उठा आणि अनवाणी बाथरूमपर्यंत जा. वाटेत हात टेकायला काय लागतं ते बघा. जिथे हाताला काहीच लागत नाही, तिथे पकडायला दांडा हवा. दांडा भिंतीच्या विटेत खोल बोल्ट ठोकून बसवा. नुसता टाइलवर चिकटणारा, रबरी वाटीचा दांडा बसवू नका. तो दिसायला घट्ट असतो आणि नेमका भार आला की सुटतो. आणखी एक: टॉवेलची दांडी. म्हातारी माणसं तोल गेला की तीच पकडतात. तेव्हा ती तरी मजबूत बसवा, नाहीतर काढून टाका.

सावध: आपल्याकडच्या इमारतींत बाथरूमची फरशी खोलीपेक्षा खाली असते आणि मध्ये दगडी उंबरठा असतो. दोन्हीचा रंग सारखा असेल तर वयस्कर नजरेला पायरी दिसतच नाही. उंबरठ्यावर गडद रंगाची, न घसरणारी पट्टी चिकटवा.

तपासा: बोलावण्याची बेल पलंगावरून वाजते का, आणि बाथरूममध्ये जमिनीवर पडलेल्या माणसाचा हात तिच्या दोरीला पोचतो का? दोरी गुंडाळून वर बांधलेली असेल तर ती बेल नसल्यासारखीच.

टप्पा २: त्यांच्या घरचा फोटो मागवा

हा टप्पा जवळपास सगळेच गाळतात. नातेवाइकांना नुसती 'काय आणायचं' ती यादी न देता त्यांच्याकडून एक गोष्ट मागून घ्या: घरच्या झोपण्याच्या जागेचे चार बाजूंनी फोटो. शक्य असेल तर स्वतः जाऊन बघून या. नौपाड्यातून किंवा कळव्यातून येणाऱ्या माणसाचं घर बघून यायला अर्धा दिवस पुरतो आणि तो वसूल होतो.

फोटोत हे बघायचं: पलंगावरून कुठल्या बाजूने उतरतात, डोकं कुठल्या भिंतीकडे असतं, खिडकी डावीकडे की उजवीकडे, तांब्या-भांडं कुठे, देव कुठे. चाळीस वर्षं डाव्या बाजूने उतरणारा माणूस इथे आल्यावर पहिले कित्येक महिने झोपेत डावीकडेच वळणार. त्या बाजूला भिंत असेल तर त्याला उठताना पूर्ण उलटं फिरावं लागतं. पलंग त्याच बाजूने मोकळा ठेवा. खोलीचा आकार आड आला तर डोकं-पायथा उलट करून बघा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच जमून जातं.

सामानात काय यावं याबद्दल माझं मत ठाम आहे. नवीन काही आणू नका. नातेवाईक प्रेमाने नवी चादर, नवी ब्लँकेट, नवा टेबललॅम्प घेऊन येतात. खोली छान दिसते, पण त्यातलं काहीच आजींच्या ओळखीचं नसतं. जुनी गोधडी येऊ दे, धुवून धुवून मऊ झालेली सोलापुरी चादर येऊ दे, कान तुटलेला चहाचा कप येऊ दे. खुर्ची एकच आणायची झाली तर त्यांची रोजची आणा, फक्त तिला हात टेकायला दांडे आहेत आणि ती डुगडुगत नाही एवढं बघा. फोटो चार-पाच पुरेत, पण मोठे करून. छोट्या चौकटीतला चेहरा पलंगावरून दिसत नाही.

आलेल्या प्रत्येक वस्तूची यादी करा, मोबाइलवर फोटो काढा, यादीवर नातेवाईक आणि आपण दोघांनी सह्या करा. पुढे 'आईची वाटी कुठे गेली' हा वाद मावशींच्या अंगावर येतो. तो यादी असली की येत नाही.

टप्पा ३: सामान लावताना ते खोलीत असलेच पाहिजेत

'तुम्ही जरा बाहेर बसा, आम्ही लावून घेतो' असं म्हणू नका. खुर्ची खोलीच्या मध्यावर ठेवा, त्यांना बसवा आणि प्रत्येक वस्तू हातात धरून विचारा: 'काकू, हे कुठे?' वेळ लागतो. लागू दे.

आधी हाताच्या वस्तू ठरवा. हाताच्या म्हणजे झोपेतून उठल्यावर न बघता लागणाऱ्या: चष्मा, काठी किंवा वॉकर, पाणी, कवळीची डबी, कानाचं यंत्र, बेल, विजेरी, जपमाळ. प्रत्येकाच्या साधारण सहा ते आठ निघतात. ही यादी त्यांच्याच शब्दांत लिहा, प्रत्येक वस्तूपुढे तिची जागा लिहा आणि कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. बाहेर लावू नका. ती काम करणाऱ्यांसाठी आहे, येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाचायला नाही. शेवटी बाजूच्या टेबलाचा एक फोटो काढून कामाच्या ग्रुपवर टाका. बदली मावशी आली तरी तिला फोटो बघून टेबल तसंच लावता येतं.

मग कपाट. रोजचे कपडे कमरेपासून खांद्यापर्यंतच्या कप्प्यांत. वर आणि खाली फक्त सणासुदीचे, हिवाळ्याचे. स्टुलावर चढून काढावी लागेल अशी एकही गोष्ट त्यांच्या रोजच्या वापरातली नसावी. नाहीतर त्या चढणारच.

वाट सगळ्यात शेवटी मोजा. पलंग ते बाथरूम आणि पलंग ते दार, सरळ आणि मोकळी. वॉकर असेल तर तो तिरपा न करता जायला हवा. या वाटेत पायपुसणं नको. मला माहीत आहे, बाथरूमच्या दाराशी पायपुसणं नसलं तर आपल्याला चुकल्यासारखं वाटतं. पण सुटं, कडा दुमडलेलं पायपुसणं पाय अडकवतं. ठेवायचंच असेल तर खालून रबर असलेलं, चपटं, जमिनीला धरून बसणारं ठेवा आणि दर आठवड्याला उलटून रबर शाबूत आहे का ते बघा.

दारावरची पाटी त्यांना विचारून करा. नाव कसं लिहायचं हे त्या सांगतील तसं. हाक कशी मारायची हेही तेव्हाच विचारा. सगळ्यांना 'आजी' म्हटलेलं आवडत नाही. बाईंना 'आजी' म्हटलं की त्या वळूनही बघत नसत.

विस्मरण असेल तर

जागा ठरली की कधीच बदलू नका, सुधारणा म्हणूनसुद्धा. कप्प्यांवर शब्दाबरोबर चित्र लावा. दारावर फोटो लावायचा तर आजचा नको, तरुणपणीचा किंवा मध्यम वयातला लावा. बऱ्याच जणांना आजचा चेहरा स्वतःचा वाटत नाही. त्याच कारणाने आरशातल्या 'त्या बाई'ची भीती वाटत असेल तर आरशावर छोटा पडदा लावा. पांढऱ्या टाइलवर पांढरा कमोड दिसत नाही, गडद रंगाची सीट बसवून घ्या. मोठ्या आकड्यांचं, तिथी-वार असलेलं कॅलेंडर डोळ्यांसमोर लावा आणि रोज सकाळी त्यांच्याच हातून तारखेवर खूण करून घ्या.

टप्पा ४: रोजचं आवरणं

दार वाजवा, थांबा, उत्तर ऐका, मग आत जा. दार उघडं असलं तरी. 'काकू, झाडून घेऊ का आत्ता? की चहा होऊ दे?' एवढं विचारायचं. 'चहा होऊ दे' म्हणाल्या तर खरंच निघून या आणि खरंच परत जा.

क्रम असा:

१. खिडकी उघडा. मेट्रोचं आणि इमारतींचं बांधकाम सुरू झाल्यापासून घोडबंदरच्या बाजूला धूळ फार बसते. रस्त्याकडची खिडकी सकाळी लवकर उघडा आणि रहदारी वाढायच्या आत लावून घ्या. येऊरच्या डोंगराच्या पायथ्याच्या बाजूला माकडं येतात, तिथे जाळी लावल्याशिवाय खिडकी उघडी सोडू नका.

२. अंथरूण आधी. चादर झटकल्यावर जे पडतं ते झाडताना निघून जातं. उलट केलं तर दोनदा झाडावं लागतं.

३. वरून खाली. आधी पंखा, मग कपाटाचा वरचा भाग, मग टेबल, मग जमीन. पंखा रोज नको, पंधरवड्यातून एकदा. त्या दिवशी पलंगावर जुनी चादर पसरा आणि पातं जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून पुसा, धूळ अभ्र्यातच राहते.

४. टेबल पुसताना एक वस्तू उचला, खालची जागा पुसा, वस्तू परत ठेवा, मग दुसरी. सगळ्या वस्तू एकदम उचलून पलंगावर ठेवायच्या नाहीत. चुका सगळ्यात जास्त इथे होतात. परत ठेवताना चष्म्याच्या काड्या कुठल्या दिशेला होत्या हेसुद्धा बघा.

५. फरशी आतल्या कोपऱ्यातून दाराकडे पुसत या. पाणी घट्ट पिळा. अर्धी खोली कोरडी ठेवून अर्धी पुसा आणि पंखा लावा, म्हणजे मध्येच त्यांना बाथरूमला जावं लागलं तर कोरडी वाट असेल.

६. बाथरूम सगळ्यात शेवटी. बाथरूमचं फडकं खोलीत आणायचं नाही, त्याचा रंगच वेगळा ठेवा.

फिनेल बेताने घाला. जास्त घातल्याने जास्त स्वच्छ होत नाही, फक्त खोलीला दवाखान्याचा वास येतो आणि फरशी चिकट-निसरडी होते. बाटलीवर लिहिलेलं माप झाकणाने मोजून घाला.

तपासा: बाहेर पडण्याआधी दारात उभं राहून हाताच्या वस्तूंची यादी मनात म्हणा. चष्मा, काठी, पाणी, बेल. आणि विचारा, 'सगळं जागेवर आहे ना?' त्यांनी हात लावून बघितलं की मगच निघा.

टप्पा ५: बाथरूम

इथे घाई केली की माणूस पडतो. धुतल्यावर वायपरने पाणी ओढून कोरडं करा आणि मगच 'झालं' म्हणा. साबणाचा थर डोळ्यांना दिसत नाही, अनवाणी पाय ठेवून बघितला की कळतो. कपड्याच्या ब्रशने घासून काढा, नुसतं पाणी ओतून जात नाही.

अंघोळीला बसायला पाट किंवा बुटकं प्लास्टिकचं स्टूल नको. रबरी टोकांची, पाठ आणि हात असलेली खुर्ची हवी. बादली त्या खुर्चीच्या उंचीला येईल अशी चौकीवर ठेवा, म्हणजे वाकावं लागत नाही. बादलीत आधी गार पाणी, मग गरम. उलट केलंत आणि मध्येच कुणी हाक मारली म्हणून गेलात तर मागे निव्वळ कढत पाणी राहतं. गीझर ५० अंशांच्या आसपास ठेवा. ६० अंशांचं पाणी वयस्कर, पातळ कातडीला काही सेकंदांत भाजतं, आणि मधुमेहामुळे पायाची जाणीव कमी झालेल्या माणसाला ते कळतही नाही. पाणी आपल्या कोपराने बघून मगच द्या.

सावध: ब्लीच आणि संडास धुण्याचं ॲसिड कधीही एकत्र करू नका, एकामागोमाग एकसुद्धा नको. क्लोरीन वायू निघतो आणि छोट्या बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरतो. लघवी सांडलेल्या जागेवर थेट ब्लीच ओतलं तरी घातक वाफ निघते. आधी पुसून, पाण्याने धुवून घ्या, मग ब्लीच. रक्त किंवा उलटी असेल तर हातमोजे घालून आधी कागदाने उचला, मग १ टक्का सोडियम हायपोक्लोराइट लावून दहा मिनिटं राहू द्या. बाटलीवर ५ टक्के लिहिलं असेल तर एक भाग औषध आणि चार भाग पाणी.

टप्पा ६: अंथरूण आणि वास

खोलीला लघवीचा वास येत असेल तर उदबत्ती किंवा फवारा मारून तो झाकू नका. दोन्ही वास मिसळून आणखी वाईट होतं. वास कुठून येतो ते शोधा. बहुतेक वेळा गादीची शिवण, खुर्चीचं कापड, कमोडच्या बुडाशी फरशीची फट, नाहीतर धुवायला टाकलेल्या कपड्यांची झाकण नसलेली बादली, यांपैकी एक सापडतं.

गादीला रेक्झिनचं किंवा पाणी न झिरपणारं, चेन असलेलं आवरण घाला. त्यावर चादर, कंबरेच्या जागी मॅकिंटॉश (पाणी न झिरपणारं रबरी कापड), त्यावर आडवी सुती चादर. मॅकिंटॉश उघडा ठेवू नका, घामाने पाठ सोलवटते. कपडे आधी गार पाण्यात खळबळून घ्या, मग साबण लावा. गादी भिजलीच तर कोरड्या कापडाने दाबून ओल टिपा, खायचा सोडा भुरभुरवा, काही तासांनी झटका आणि ऊन दाखवा.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची चादर ताणून घ्या. एक सळ राहिली तरी पाठीला तिथे लाल चट्टा उठतो आणि तिथूनच जखम सुरू होते. अंघोळीत किंवा कूस बदलताना माकडहाड, टाचा आणि कोपर रोज बघा. दाबून सोडल्यावरही लाली जात नसेल तर त्याच वेळी सिस्टरना दाखवा. चादर बदलणारीलाच हे सगळ्यात आधी दिसतं, म्हणून मी हे नर्सिंगचं काम म्हणून सोडत नाही.

टप्पा ७: देव्हारा

देवांना हात लावायचा नाही. देव्हाऱ्याच्या आजूबाजूचं पुसा, आतलं त्या स्वतः पुसतील. होत नसेल तर त्या सांगतील तसं, आंघोळ करून आलेल्या माणसाने. आमच्याकडे एका आजींचा बाळकृष्ण त्यांच्या हाताखाली बसूनच पुसावा लागतो. वस्त्र कुठल्या खांद्यावरून घ्यायचं तेही त्या दाखवतात. पाच मिनिटांचं काम वीस मिनिटांचं होतं, पण त्या दिवशी त्या नीट जेवतात.

सावध: खोलीत ऑक्सिजन चालू असेल तर समई, निरांजन, उदबत्ती, कापूर काहीही पेटवायचं नाही. ऑक्सिजनने माखलेलं कापड आणि केस क्षणात पेट घेतात. यंत्र बंद केल्यावरही लगेच पेटवू नका. विजेची समई लावा, आणि खऱ्या दिव्याचा आग्रह असेल तर सामायिक देवघरात त्यांना खुर्चीवरून नेऊन आरती करा, ऑक्सिजन खोलीतच ठेवून, तेही डॉक्टरांनी तेवढा वेळ नळी काढायची मुभा दिली असेल तरच.

दाराशी रांगोळी काढायची तर वाटेच्या बाजूला काढा. फरशीवर सांडलेली रांगोळी वाळूसारखी घसरवते.

टप्पा ८: साठवलेलं

पिशव्या, रबरबँड, रिकाम्या औषधांच्या बाटल्या, जुनी वर्तमानपत्रं, दिवाळीचा चिवडा. न विचारता एकही पिशवी टाकू नका. कचरा वाटणाऱ्या पिशवीत पेन्शनची कागदं आणि एकदा तर सोन्याची कुडी निघाली आहे.

महिन्यातून एक दिवस ठरवा. त्या बसलेल्या, आपण एक कप्पा उघडायचा, एकच. वस्तू तीन ढिगांत: ठेवायचं, घरी पाठवायचं, टाकायचं. 'टाकायचं' हा शब्द त्यांच्याच तोंडून आला पाहिजे. नाही आला तर अर्धं तरी कमी करा: वीस पिशव्यांच्या दहा, सुबक घड्या घालून एका डब्यात. खाऊसाठी घट्ट झाकणाचे, आरपार दिसणारे डबे द्या आणि डब्यावर तारीख लिहा. मुंग्या, झुरळं आणि उंदीर तिघांचाही प्रश्न यातच सुटतो.

डांबरगोळ्या कपाटात ठेवू नका. विस्मरण असलेला माणूस त्या गोळ्या पेपरमिंट समजून तोंडात टाकतो, आणि त्या विषारी असतात. त्याऐवजी वाळवलेला कडुलिंब किंवा लवंगांची पुरचुंडी ठेवा.

टप्पा ९: पावसाळ्याआधी

आपल्याकडे पाऊस साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात लागतो, म्हणून हे काम मेच्या मध्याला सुरू करा. जूनमध्ये माणूसही मिळत नाही आणि गच्चीही कोरडी नसते.

सरकत्या खिडकीची खालची पट्टी बघा. तिला बाहेरच्या बाजूने पाणी जायला बारीक भोकं असतात, साधारण तांदळाच्या दाण्याएवढी. वर्षभराची धूळ, केस आणि मेलेले डास त्यात चिखल होऊन बसतात. मग पहिल्याच मोठ्या सरीत पट्टी काठोकाठ भरते आणि पाणी आत, थेट पलंगाखाली येतं. लोक दोन वर्षं बाहेरून सिलिकॉन मारत बसतात. झाडूच्या काडीने भोकं मोकळी करा, वरून तांब्याभर पाणी ओता आणि ते बाहेर जातं का ते बघा.

नैऋत्येकडच्या भिंतीला पावसाचा मारा जास्त. त्या भिंतीला कपाट चिकटवू नका, चार बोटं अंतर ठेवा. मागे हवा खेळली नाही की कपाटाच्या पाठीला बुरशी येते आणि साड्यांना वास लागतो. बुरशी दिसली तर कोरडी घासू नका, कण हवेत उडतात आणि दम्याच्या माणसाला रात्री धाप लागते. त्यांना दुसऱ्या खोलीत बसवा, तोंडाला मास्क लावा, ओल्या फडक्याने पुसा, कोरडं करा. ओल कुठून येते ते बंद न करता वरून रंग मारला तर दुसऱ्या श्रावणात तो पापुद्र्यासारखा सुटतो.

घोडबंदरकडे टँकरचं पाणी म्हणून लोक बादल्या भरून ठेवतात. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि ती अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही, आठवड्यातून एक दिवस बादल्या, मनी प्लांटची बाटली, कुंडीखालच्या बशा घासून कोरड्या करा. देव्हाऱ्यातला तांब्याही, त्यांना सांगून.

वीज जाण्याचे दिवस हेच. उशाची विजेरी, आपोआप लागणारा दिवा आणि हवेच्या गादीचा पंप यांचं चार्जिंग आणि इन्व्हर्टरवरचा जोड मेमध्येच वीज बंद करून तपासा.

टप्पा १०: हॉस्पिटलमधून परत येताना

माणूस दहा-पंधरा दिवसांनी परत येतो तेव्हा खोली 'नव्यासारखी' करायचा मोह होतो. तसं करू नका. जाताना काढलेला टेबलाचा फोटो समोर ठेवून प्रत्येक वस्तू जागेवर लावा. गादीला ऊन, चादर धुतलेली पण त्यांचीच, पाणी ताजं, घड्याळाचे सेल चालू, कॅलेंडरची तारीख आजची.

मग बघा काय बदललंय. कॅथेटर (लघवीची नळी) असेल तर पिशवी कुठल्या बाजूला लटकणार आणि ती उतरण्याच्या बाजूला येत नाही ना. खुब्याचं ऑपरेशन असेल तर खुर्ची आणि कमोड उंच हवा. ऑक्सिजनचं यंत्र आलं तर ते पडद्यापासून आणि देव्हाऱ्यापासून लांब, नळी वाटेत आडवी न येता भिंतीच्या कडेने. बळ कमी झालं असेल तर हाताच्या वस्तू एक वीत आणखी जवळ सरकवाव्या लागतात. ते मात्र त्या पलंगावर बसल्यावर, त्यांनी हात पुढे केल्यावर, तो जिथपर्यंत पोचतो तिथे.

आल्या आल्या बॅग उघडू नका. आधी बसू द्या, पाणी द्या, पंखा त्यांना हवा तेवढ्यावर करा आणि थोडा वेळ बाहेर थांबा. मग दार वाजवून विचारा, 'बाई, सामान लावायला येऊ?'